बारा नंबरचा मासा

छत्री आली हुबळीहून, मॅटाडोरच्या टपावर उताणी.
हिरेबागेवाडीच्या चढाला दोनदा घसरली म्हणे.
वडगावातल्या बायकांनी विचारलं,
हलगेकरांच्या भरमानं एवढी मोठी परात
कुणाच्या लग्नाला आणली?

भरमा म्हणजे माझे वडील.
सहा मागांतले चार विकून बसलेले.
धोटा टाकणाऱ्या हातानं आता तार टाकायला लागले:
खांबावरून शेवग्यावर, शेवग्यावरून
निंगव्वा कामकरच्या कौलावर.
तुटल्या सुताला मारावी तशीच गाठ तारेला,
वरनं चिकटपट्टी.
पावसात गाठीत पाणी शिरायचं
आणि सगळ्या विष्णू गल्लीला मुंग्या दिसायच्या.

बारा नंबरला अमेरिकेचं एक चॅनेल.
पहिल्या वर्षी दिवसाला तीन तास,
बाकी वेळ निळा पडदा.
नाव आम्हाला म्हणता येईना.
बहुतेक वेळा समुद्र असायचा, त्यात एक दातांचा मासा.
'मासा लाव की गं,' एवढं पुरे.

भडंग बांधून आलेल्या कागदावर
वडिलांनी त्याचं मूळ वाचलं:
एका माणसानं घर गहाण टाकलं,
भाड्याची खोली, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या फिल्मा,
आणि बघणारं कुणी नाही.
खरं-खोटं कागदालाच ठाऊक, अर्धा तेलानं पुसलेला.
'आपल्यागतच की,' म्हणाले,
आणि घडी घालून वसुलीच्या वहीत ठेवला.
आईच्या हातात पाटल्या नव्हत्या तेव्हा.
ती काही बोलली नाही.

मग ते वाढलं.
तिनाचे आठ तास, आठाचे चोवीस.
आमचीही बावीस घरं, मग सत्तर, मग एकशे नव्वद.
देश किती झाले ते पडद्यावर यायचं,
घरं किती झाली ते वडील खडूनं दारामागे लिहायचे.
ह्या महिन्यात कोण पुढं,
असं काहीतरी मनात चालत असावं त्यांच्या.

एक नोव्हेंबर.
चौकात पिवळे-तांबडे झेंडे, गल्लीच्या तोंडाशी काळ्या फिती.
सकाळी चौघे आले: मराठी बंद कर.
दुपारी दुसरे चौघे: कन्नड बंद कर.
दोघांच्याही हातात कात्री,
एकच कात्री, दड्डीकरांच्या सायकल दुकानातली.
वडिलांनी दोन्ही बंद केली.
उरला मासा.

त्या संध्याकाळी माग थांबलेले, दारं लोटलेली,
आणि घराघरांत तोच समुद्र.
निंगव्वा आमच्याकडे आली, तिचा टीव्ही जळालेला.
इंग्रजी कुणाला कळत नव्हतं,
म्हणून कुणीही सांगावं.
'हशिवु आगेद अदक्क,' निंगव्वा म्हणाली.
'भूक कुठली गं, पिल्लू हुडकालीय ती,' आई म्हणाली.
मासा फिरत राहिला,
दोघींचंही मान्य असल्यासारखा.

पुढं काही वर्षांनी तो बोलायला लागला.
आधी हिंदी, मग बटण दाबून निवडायच्या भाषा,
आणि कुठलं बटण, यावरून घरात पहिलं भांडण.
आवाजानं स्वच्छ सांगितलं,
पाणी कोमट झाल्यामुळे मासा दिशा बदलतो आहे.
भूक नव्हती. पिल्लू नव्हतं.
आई उठून भात बघायला गेली.

मग डबे आले, कंपनी आली,
आमच्या गाठींवरून जाड काळी केबल गेली.
वडिलांना त्यांनी वसुलीला ठेवलं, तीन वर्षं.
मग मोबाइलवरच पैसे जायला लागले.

छत्री अजून गच्चीवर आहे.
निंगव्वाची सून तिच्यात संकेश्वरी मिरच्या वाळवते.
ऊन मधोमध गोळा होतं, कडेच्या ओल्या राहतात,
तासाला एकदा हात फिरवावा लागतो.

वही माझ्याकडे.
वाळवीनं बरीच खाल्ली, ते पान राहिलं:
कामकर निंगव्वा, नोव्हेंबर,
येणे पंचेचाळीस रुपये.
खाली वडिलांचं तिरकं अक्षर,
टीव्ही जळालाय. मागू नये.